स्वभावाच्या रकान्यातले बाबा

सगळ्या मुंबईचे गणपती गेले, की मग आमचा येतो. लालबागमध्ये मांडवांचे बांबू उतरायला लागलेले असतात, रस्त्याच्या कडेला गुलालाचा चिखल वाळत असतो, आणि मी पाट घेऊन परळच्या कारखान्याच्या दारात उभी असते. आत फळ्यांवर मूर्ती ठेवल्याच्या नुसत्या पांढऱ्या खुणा उरलेल्या. कोपऱ्यात वर्तमानपत्र पांघरून एकटा आमचा गणपती. "ताई, तुमचाच राहिलाय बघा," मूर्तिकार दरवर्षी म्हणतो, शाळा सुटल्यावर मागे राहिलेलं पोर आईच्या ताब्यात देतात तसं. यंदाही म्हणाला.

याला साखरचौथीचा गणपती म्हणतात. भाद्रपदातल्या वद्य चतुर्थीला, म्हणजे ऐन पितृपक्षात बसतो, दीड दिवसाचा. कोकणात काही गावांत ही पद्धत आहे, आणि मुंबईत बऱ्याच पोलिसांच्या घरांत. दहा दिवस दुसऱ्यांचे गणपती सांभाळणाऱ्या माणसाने स्वतःचा आणायचा तरी कधी? आमच्या काळाचौकीच्या टॉवरमध्ये नव्याने राहायला आलेल्या एका बाईंनी लिफ्टमध्ये माझ्या हातातली मूर्ती बघितली आणि डोळे मोठे केले. "अगंबाई, पितृपक्षात गणपती? चालतं?" मी म्हटलं, "आमच्याकडे देव ड्युटी बघून येतो." त्या हसल्या नाहीत. मीही हसले नाही.

दार बाबांनी उघडलं. हवालदार म्हणून निवृत्त होऊन त्यांना आता बरीच वर्षं झाली, पण बसतात अजून दाराकडे तोंड करून, पाठ भिंतीला. बेल वाजल्यावर आधी विचारतात "कोण?" आणि उत्तर आलं तरी आयहोलमधून बघतात. "मिळाला?" त्यांनी विचारलं. "मिळाला." मग मूर्तीवरून त्यांनी स्वतः तांदूळ ओवाळून टाकले. ते आई करायची. आई जाऊन चार वर्षं झाली.

हा हंगाम मला नकोसा होतो. लोकांना विसर्जन झाल्यावर चुकल्या-चुकल्यासारखं होतं ना, तसं नाही. मला एक दुपार आठवते. ती दुपार मी स्वतःच्या हाताने लिहिली होती.

आम्ही नायगावच्या पोलीस लाईनीत वाढलो, मी आणि माझा भाऊ संतोष. एक खोली, एक स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात दार लावता येईल अशी मोरी. गणपतीचे दहा दिवस बाबा घरी दिसायचे ते पाहुण्यासारखे. यायचे, बनियन बदलायचे, उभ्या उभ्या भात जेवायचे, जायचे. शेवटच्या दिवशी तर सकाळी हजेरीला गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारीच परत. आई त्यांच्या पिशवीत चिवडा द्यायची, तो चिवडा तसाच परत यायचा, ओलसर होऊन, आणि पुढचे दोन दिवस आम्ही खायचो. त्याला बाबांच्या खाकीचा वास यायचा. घाम, पाऊस, फटाक्यांची दारू आणि कुठल्यातरी अनोळखी उदबत्त्या.

ते दुपारी बाराच्या सुमाराला यायचे. बाराला आमच्या मजल्यावर पाणी यायचं, तासभरच. त्या तासात लाईनीतल्या बायका एकमेकींशी बोलायच्याही नाहीत, इतकी घाई. हंडे, कळशा, पिंप, बादल्या, शेवटी चहाची पातेलीसुद्धा भरून ठेवायच्या. आई तर पाण्याच्या बाबतीत महाकंजूष. दात घासताना नळ चालू दिसला तर पाठीत धपाटा बसायचा. पण त्या एका दुपारी ती पिंपाला हात लावायची नाही. बाबा आत यायचे, दारात बूट काढायचे, आमच्या दोघांच्या डोक्यावर हात ठेवायचे, आणि सरळ मोरीत जाऊन कडी लावायचे. नळ पूर्ण सोडायचे. आई आम्हाला म्हणायची, "जावा रे, खाली खेळा जावा." आणि स्वतः दाराशी तांदूळ निवडत बसायची. निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडायची.

आम्ही खाली जायचो नाही, जिन्यात बसायचो. पाण्याचा आवाज यायचा, धो धो, एकसारखा. आंघोळीला तांब्याचा आवाज होतो, अंगावरून पाणी पडताना तुटतं. इथे काहीच तुटायचं नाही. संतोष एकदा म्हणाला, "बाबा आंघोळ नाय करत." मी म्हटलं, "गप." आम्हाला कळत होतं, आणि कळतंय हे कुणाला कळू द्यायचं नाही हेही कळत होतं. पाऊणएक तासाने बाबा बाहेर यायचे, डोळे लाल, केस मात्र कोरडे. आई ताट वाढायची, भात आणि खोबऱ्याच्या वाटपाची आमटी. ते म्हणायचे, "वाटप मस्त झालाय." बस्स. संध्याकाळी आई शेजारच्या कदमकाकूंकडून दोन कळशा पाणी उसनं आणायची, आणि कदमकाकू, ज्या मीठसुद्धा उपकार केल्यासारखं द्यायच्या, न बोलता द्यायच्या.

मग चार दिवसांनी आमचा गणपती. तेव्हा घरात दुसरेच बाबा असायचे. लुंगी, गळ्यात टॉवेल, मोदकाच्या उकडीत हात घालून आईच्या शिव्या खाणारे. विसर्जनाला आम्ही दादर चौपाटीवर जायचो. पाचच दिवसांपूर्वी जिथे मुंगी शिरायला जागा नव्हती तिथे आम्ही चार माणसं, दोन कुत्री आणि एक भेळवाला. बाबा डोक्यावर पाट घेऊन पाण्यात शिरायचे आणि सवयीने मोकळा हात मागे करून ओरडायचे, "मागे सरका, मागे सरका, लहान पोरं सांभाळा!" आई म्हणायची, "अहो, कोणाक सांगताय? आपणच आसव!" आम्ही हसून हसून वाळूत लोळायचो. आणखी एक. बाबा कधी "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणाले नाहीत. म्हणायचे, "पुढच्या वर्षी सवडीने या, महाराज." लवकर येऊन करणार काय, दाराला कुलूप बघणार?

असा माणूस. आणि मी त्याचं कॅरेक्टर स्केच लिहिलं.

झालं असं, की मी मालिकांमध्ये सहाय्यक लेखिका म्हणून काम करत होते. त्याला पंधराएक वर्षं झाली. पोलीस कुटुंबावर एक मालिका येणार होती. नाव सांगत नाही, अजूनही आठवणारे निघतात. मला घेतलं ते मी पोलिसाची मुलगी म्हणून. "तुझ्याकडे ऑथेंटिक माल असणार," असं म्हणाले. माल! मला तेव्हा त्यात काही खटकलं नाही, उलट छाती फुगली. प्रत्येक पात्राचा एक तक्ता होता. नाव, वय, पेहराव, बोलण्याची लकब, आणि एक मोठा रकाना: स्वभाव. घरातला बाप, हवालदार अण्णा. त्याचा स्वभाव मी एका बैठकीत भरला. दाराकडे तोंड करून बसतो. जेवण पाच मिनिटांत संपवतो. मुलीला कधी 'शाबास' म्हणत नाही, पण तिचा निकाल खिशात घेऊन फिरतो. रस्त्यात कुणी दारू प्यालेला दिसला तर आधी त्याची चप्पल शोधून देतो, मग ओरडतो. सगळं बाबांचं. शिंप्याने एकाचं माप दुसऱ्याच्या कापडाला लावावं, तसं एकेक काढत गेले.

मीटिंगमधले चॅनलचे साहेब वाचत होते. म्हणाले, "छान आहे, पण फ्लॅट आहे. याला आतून काहीतरी पाहिजे. हा माणूस तुटतो कुठे?"

काय सांगू तुम्हाला. माझ्या तोंडून ते इतक्या सहज निघालं, जशी काही वर्षानुवर्षं कुणी विचारायची वाट बघत होते. "रडतो," मी म्हटलं. "वर्षातून एकदा. विसर्जनाच्या बंदोबस्ताहून आला की. मोरीत, नळ पूर्ण सोडून. घरच्यांना कळू नये म्हणून."

मग एकाने टाळी वाजवली. साहेब म्हणाले, "हे! हे पाहिजे होतं. का रडतो पण?"

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी ते कधी विचारलंच नव्हतं, ना बाबांना, ना आईला. पण "माहीत नाही" म्हणायला मला लाज वाटली. म्हणून मी तिथल्या तिथे रचलं, की एका वर्षी गर्दीत त्याच्या हातातून एक लहान मुलगी सुटली आणि चेंगरून गेली, तेव्हापासून. सगळ्यांचे डोळे पाणावले. मला त्या दिवशी बढती मिळाली, संवाद लिहायला दिले. घरी जाताना मी दादरला उतरून पेढे घेतले. बाबांनी एक पेढा उचलला आणि विचारलं, "कशाबद्दल?" मी म्हटलं, "पोलिसांवर मालिका येतेय, मी लिहितेय." त्यांनी पेढा तोंडात टाकला, आणि अर्ध्या तासाने मला दिसलं की पेढ्यांच्या पुड्याशेजारी ठेवलेलं माझं बढतीचं पत्र त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होतं.

मालिका चालली. लाईनीत साडेआठला प्रत्येक खोलीतून एकच आवाज. कदमकाका, तेही पोलीसच, गॅलरीतून ओरडायचे, "ओ, तुमचा अण्णा जेवला काय?" बाबाही बघायचे. गोष्टीबद्दल कधी बोलले नाहीत, चुका काढायचे. "टोपी अशी नाय धरत." "हा बेल्ट साहेबाचा आहे, हवालदाराला कुठून आला?" मी लिहून घ्यायचे. स्वतःला त्या अण्णात ओळखलं का त्यांनी? ओळखलं असणार. चोराची चाल ओळखण्यात जन्म गेलेला माणूस, त्याला स्वतःची चाल नाही ओळखता येणार?

आणि गणपतीचा खास भाग आला. तो लागला विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी. बाबा बंदोबस्तावर होते. मी, आई, संतोष टीव्हीपुढे. पडद्यावर अण्णा घरी आला, बूट काढले, मुलांच्या डोक्यावर हात ठेवला. तो हातसुद्धा मी लिहिला होता बरं का, सोडला नव्हता. मोरीत गेला. कडी. नळ. पाण्याचा आवाज, आणि त्यावर व्हायोलिन. मग कॅमेरा आत शिरला. आत! जिथे आम्ही कधी कुणी गेलो नव्हतो. अण्णा गुडघ्यांत डोकं घालून हुंदके देत होता आणि मधेमधे ती मुलगी दिसत होती. मी आईकडे बघितलं. ती टीव्हीकडे बघत नव्हती. मोरीच्या दाराकडे बघत होती.

"तू लिहिलंस?" तिने विचारलं. मी मान हलवली. ती उठून गॅलरीत गेली. सगळ्या खोल्यांतून पाण्याचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी विसर्जन, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी बाबा आले. त्यांना ठाऊक होतं. गिरगावच्या पॉइंटवर रात्रभर सोबतच्यांनी विचारलं असणार. लाईनीच्या दारात कदमकाकांनी तर माझ्यासमोरच विचारलं, "काय हवालदारसाहेब, सोडणार काय आज नळ?" वाईट मनाने नव्हे हो. थट्टाच. स्वतः कदमकाकाही घरी येऊन काय करत असतील, देव जाणे. बाबा हसले. मोठ्याने हसले. "पाणी आलंय काय बघतो आधी," म्हणाले.

घरी आले. बूट काढले. आमच्या डोक्यावर हात ठेवला, मी तेव्हा तिशीला टेकलेली बाई, तरी. मोरीत गेले. कडी लागली. आईने सूप पुढ्यात ओढलं. बारा वाजून गेले होते, शेजारीपाजारी नळ वाजत होते.

आमचा नळ वाजला नाही.

मी स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून उभी. आतून काहीच नाही. मग पिंपातल्या पाण्यात तांब्या बुडाल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा. पाय धुतले त्यांनी. दार उघडलं, पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती. डोळे पांढरेशुभ्र. पाटावर बसले, जेवले, म्हणाले, "वाटप मस्त झालाय." आणि आईला म्हणाले, "पाणी जाईल, पिंप भरून घे ना." आई उठली आणि तिने पिंप भरलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या दिवशी आमचं पिंप भरलं.

ते झोपल्यावर मी आईला गाठलं. "आई, ते का रडायचे गं?"

"पाय दुखायचे त्यांचे."

"फक्त पाय?"

आई अशी कधी माझ्यावर चिडली नव्हती. "फक्त म्हणजे काय गो? तू रवलंस कधी दीड दिवस उभी? तळव्यांक फोड येयत, बुटात रक्त होय. साहेबाक सांगूची सोय नाय, आमका सांगूची लाज. बाप्याने पाय दुखतत म्हणून रडूचा नसता ना. तुका त्यात एक पोर मारूची लागली?"

मी आयुष्यभर या माणसासाठी मोठ्ठं दुःख शोधत होते. आणि माझ्या आईला त्याचे फोड माहीत होते. मी कधी त्याचे पायसुद्धा बघितले नव्हते.

ऑफिसात जाऊन मी म्हटलं, तो नळाचा प्रसंग पुन्हा नको. साहेब म्हणाले, "वेडी आहेस काय? त्याच्यावर तर मालिका उभी आहे." मग अण्णा दर महिन्याला नळ सोडून रडायला लागला. मुलीच्या लग्नाला, मित्र गेला तेव्हा, बढती हुकली तेव्हा. लोकांनी कंटाळावं इतका रडला. शेवटी त्याला गोळी लागली. बाबांनी तो भाग नीट बघितला. म्हणाले, "मेला काय? बरं झालं. सुटला बिचारा." आणि चॅनल बदलला.

त्यानंतर बाबांचा नळ कधीच वाजला नाही. निवृत्तीच्या दिवशी नाही. लाईन सोडली, तिथल्या भिंतीला हात लावून निघालो, तेव्हा नाही. चार वर्षांपूर्वी आई गेली. सगळं आटोपून आम्ही स्मशानातून परत आलो. बाबा आंघोळीला आत गेले आणि मी इथे, या टॉवरमधल्या घरात, बाथरूमच्या दाराला कान लावून उभी राहिले. इथे चोवीस तास पाणी आहे. सोडा ना बाबा, मी मनात म्हणत होते, सोडा, कोणी ऐकत नाहीये. पण मीच ऐकत होते की. आत तांब्याचा आवाज, तुटक तुटक. बाहेर आले तर केस ओले आणि डोळे कोरडे. म्हणाले, "पाहुण्यांना चहा झाला?"

माफी मागून बघितली मी. दोनदा. एकदा म्हणाले, "कसली माफी? नाव झालं ना तुझं." दुसऱ्यांदा ऐकू न आल्यासारखं केलं. पाय चेपायला घेतले तर पाय ओढून घेतात. "राहू दे बाय, आता कुठे उभा राहतो मी." माझ्या हाताला त्यांच्या तळव्यांची जुने घट्टे एकदाच लागले, तेही ते झोपेत असताना.

काल आमच्या गणपतीचं विसर्जन झालं. अलीकडे आम्ही चौपाटीवर जात नाही, बाबांना वाळूत चालवत नाही. शाडूची मूर्ती घरीच बादलीत विसर्जित करतो, बाथरूममध्ये, आणि ते पाणी तुळशीला घालतो. आरती झाली. संतोष पुण्याहून येणार होता, त्याला जमलं नाही. म्हणजे आम्ही दोघंच. बाबांनी मूर्ती छातीशी धरली आणि सवयीने मोकळा हात मागे केला. तोंडाने काही बोलले नाहीत. मागे हटवायला मी एकटीच होते. मी हटले.

बादली रिकामी होती. मी नळ सोडला, पूर्ण. घरात नुसता पाण्याचा आवाज भरला, धो धो, एकसारखा, नायगावचा. बादली भरली, भरून वाहायला लागली. मी नळ बंद केला नाही. म्हटलं, "बाबा, मी बाहेर जाते. दार ओढून घेते. तुम्ही करा निवांत." आणि खरंच बाहेर आले, दार ओढलं, आणि या खेपेला कान लावायचा नाही म्हणून पार गॅलरीत जाऊन उभी राहिले. तरी यायचाच आवाज. मी डोळे मिटून घेतले.

आवाज थांबला.

मी परत गेले. ओढलेलं दार पुन्हा उघडं होतं. बाबांनी मूर्ती खाली ठेवून दोन्ही हातांनी नळ घट्ट पिळला होता, थेंबसुद्धा पडू नये इतका. त्यांनी माझ्याकडे बघितलं. पंधरा वर्षांत त्या गोष्टीबद्दल ते पहिल्यांदा स्वतःहून बोलले, आणि अजिबात रागावून नव्हे.

"नको, बाय," म्हणाले. "नळ सोडला की आता सगळ्यांना कळतं."

मग त्यांनी मूर्ती उचलली, हळूच पाण्यात सोडली, आणि नेहमीसारखं म्हणाले, "पुढच्या वर्षी सवडीने या, महाराज." मी शेजारी उभी होते. दोघांनी मिळून शाडू विरघळताना बघितली. बराच वेळ लागतो त्याला.